वळीव गाठतो तेव्हा: धरणाच्या फुगवट्यावर होडीत असताना काय करायचं

एप्रिल-मेमध्ये उजनीवर दुपारी दोननंतर होडीत बसू नये. खरं तर हा लेख इथेच संपायला हरकत नव्हती. पण रोहित पक्षी बघायला पुण्याहून निघालेली मंडळी भिगवणला पोचेपर्यंत बारा वाजतात, माशाचं ताट संपेपर्यंत दोन, आणि मग 'एवढं आलोय तर एक चक्कर मारूच' म्हणत सगळे होडीत चढतात. मीही चढलेलो आहे.

शिवाय काठावरच्या गावांसाठी होडी म्हणजे काही हौस नव्हे. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला जायचं तर पाण्यावरून जवळ पडतं, रस्त्याने मोठा वळसा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी याच वाटेवर निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. सहा जण गेले, त्यांत लहान मुलं होती. धरण तेव्हा 'मायनस'मध्ये होतं, म्हणजे उपयुक्त पाणी संपलेलं. 'धरण आटलंय, आता कसली भीती' असं म्हणणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: उजनीचा मृतसाठाच ६३ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर आहे. धरण कागदावर रिकामं झालं तरी जुन्या भीमेच्या पात्रात माणूस बुडेल याच्या कितीतरी पट पाणी उभं असतं.

पुढचं सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर उजनी आहे. पण कोयनेचा शिवसागर असो, जायकवाडीचा नाथसागर असो की मुळशी, उघड्या होडीला वळीव सगळीकडे सारखाच भेटतो.

तो येतो कसा

उन्हाने पठार तापतं, गरम हवा वर चढते, हवेत बाष्प असेल तर दुपारपर्यंत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहतात. असा ढग दहा-बारा किलोमीटर उंच सहज जातो. त्यातून पाऊस कोसळायला लागला की त्याच्यासोबत गार, जड हवाही खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. वाऱ्याची पहिली धडक ती हीच. आणि ती पावसाच्या पुढे धावते. तुमच्या डोक्यावर अजून ऊन असतं, ढग पाच किलोमीटर लांब असतो, आणि वारा मात्र येऊन पोचलेला असतो.

आता साधा हिशेब करा. ताशी चाळीस किलोमीटरने येणारी धडक पाच किलोमीटर अंतर साडेसात मिनिटांत कापते. माणसांनी भरलेली होडी ताशी आठ-दहा किलोमीटरने चालते, म्हणजे तेवढ्या वेळात जेमतेम एक-सव्वा किलोमीटर. 'थेंब पडायला लागले की निघू' हा बेत का फसतो ते यातून कळतं. उन्हाळ्यात दुपारी पाण्यावर जावंच लागलं तर कुठल्यातरी काठापासून किलोमीटरभराच्या आत राहायचं, हा माझा नियमही याच हिशेबातून आलाय.

चिन्हं साधारण ठरलेल्या क्रमाने दिसतात. आधी ढगाचा माथा पसरट होऊन ऐरणीसारखा दिसायला लागतो आणि बूड काळंनिळं पडतं. मग इतका वेळ चाललेला वारा अचानक पडतो. पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं, गदमदायला लागतं, आणि होडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "वा, आता फोटो छान येतील." त्याच्या मागोमाग गार झुळूक येते, ओल्या मातीच्या वासाची. ती सुखद वाटते आणि तिथेच माणूस फसतो. त्यानंतर लांबच्या काठावर धूळ उठते. उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यामुळे उजनीच्या कडेला वाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडलेला असतो, त्यामुळे ही धूळ भिंतीसारखी दिसते. शेवटची खूण पाण्यावरच दिसते: काळपट, सुरकुतलेला एक पट्टा तुमच्याकडे सरकत येतो. तो दिसला की तुमच्या हातात एखाद-दोन मिनिटं असतात.

मला हे एका होडीवाल्या मामांनी शिकवलं, डिकसळच्या बाजूला. मी कॅमेऱ्यात डोळा घालून बसलेलो, मामांनी इंजिनाचा आवाज बदलला म्हणून वर पाहिलं. होडी उलट्या दिशेला वळत होती.

"मामा, गाडी तिकडं आहे आपली."

"गाडी ऱ्हाऊ द्या. ती धूळ बगा की. हितंच लावतो."

'हितंच' म्हणजे चिखलाचं एक उघडं बेट होतं, चार बाभळीची खोडं आणि शेवाळ. तिथे लागून दोन मिनिटं झाली नसतील, तोच वारा आला आणि माझी टोपी पाण्यावरून पळत गेली. मधल्या पाण्यात, आम्ही गाडीकडे जाताना जिथे असतो तिथे, पांढरा फेस उडत होता. अर्ध्या तासाने सगळं शांत झालं. मामांनी तोवर तंबाखू मळली, मी नुसताच बसून राहिलो.

निघण्याआधी

सकाळी सहाला पाण्यावर आणि अकराच्या आत काठावर, हे सगळ्यांत चांगलं. पक्षीही तेव्हाच दिसतात आणि उजेडही तेव्हाच बरा असतो. आदल्या दिवशी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर यांपैकी तुमच्या बाजूला यलो किंवा ऑरेंज अलर्ट असेल आणि त्यात 'विजांच्या कडकडाटासह' हे शब्द असतील तर दुपार विसरा. निघताना तीन तासांचा तातडीचा अंदाज, ज्याला नाऊकास्ट म्हणतात, तो पुन्हा पाहा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर असू द्या. तुमच्या आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडत असेल तर ते दाखवतं. चाळीसच्या वर्तुळात ठिपके दिसले की मी परत फिरतो. एकदा-दोनदा उगाच फिरलोही असेन. त्याचं काही वाटत नाही.

जॅकेटबद्दल जरा सविस्तर. जॅकेट होडीत आहे आणि जॅकेट अंगात आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीटखाली कोंबलेलं जॅकेट वाऱ्याची धडक बसल्यावर घालता येत नाही. होडी डुलत असते, पट्ट्यांचा गुंता झालेला असतो, आणि आपलं घालू की पोराचं, हे ठरवण्यातच मिनिट जातं. म्हणून काठावरच घाला, बक्कलं लावा आणि मग तपासा: दुसऱ्याने तुमच्या जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरून जोरात वर ओढायचं. जॅकेट हनुवटी ओलांडून कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार. पट्ट्या आवळा किंवा दुसरं मागा. लहान मुलाच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घालणं म्हणजे पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि मूल खाली. जॅकेटमधला फोम दाबून पाहा. पापडासारखा चपटा झाला असेल तर त्याचा तरंग संपला. 'मला पोहता येतं' म्हणणाऱ्याने तर आधी घालावं. लाट तोंडावर आदळत असताना विहिरीतलं पोहणं फारसं कामाला येत नाही.

होडी जास्त भरली आहे का, हे ओळखायची माझी एक गावठी चाचणी आहे. सगळे बसले की होडीच्या काठावर कोपर टेकवा आणि हात बाहेरून खाली सोडा. बोटं पाण्याला लागली तर काठ पाण्यापासून दीड फूटही वर नाही. उतरा, दोन फेऱ्या करा. होडीवाल्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. एका फेरीचे पैसे जास्त द्या, बस्स.

सामान फार लागत नाही. पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरका कापून पाणी उपसायला, पंधरा-वीस मीटर दोर, दोन वल्ही किंवा निदान लांब बांबू, दात्यांची सुरी, जॅकेटला बांधलेली शिट्टी, आणि फोन झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत. दोन-चार रिकामे, झाकण घट्ट लावलेले वीस लिटरचे कॅन होडीत बांधून ठेवलेले असले तर उत्तम. होडी पत्र्याची असेल तर ते हवेतच, कारण पाणी भरलं की पत्रा थेट तळ गाठतो. आणि काठावरच्या एका माणसाला सांगून जा: किती जण आहोत, कुठे चाललोय, किती वाजता परतणार.

ढग दिसला: हातातली दहा मिनिटं

वादळात काय करायचं, असं सगळे विचारतात. त्यातलं बरंचसं वादळ पोचण्याआधीच करायचं असतं.

पहिला निर्णय: कुठला काठ? उत्तर, जो जवळ असेल तो. गाडी कुठे लावलीय, हॉटेल कुठे आहे, चपला कुठे काढल्या आहेत, याचा इथे संबंध नाही. माणसं इथेच चुकतात. आपला काठ म्हणजे ज्या काठावरून निघालो तो, असं मनात पक्कं बसलेलं असतं आणि त्यासाठी ती फुगवटा आडवा कापायला निघतात. बेट चालेल, चिखल चालेल, परक्या गावाचा पाणवठा चालेल.

दोन काठ सारख्याच अंतरावर असतील तर? मग ज्या बाजूने वारा येणार तो काठ धरा. हे मनाला पटत नाही, कारण काळा ढग तिकडेच असतो. पण लाट तयार व्हायला वाऱ्याला मोकळं पाणी लागतं. वाऱ्याकडच्या काठाला पाणी जवळजवळ सपाट राहतं, आणि पलीकडच्या काठाला तोच वारा सगळ्या फुगवट्याच्या लाटा नेऊन आपटतो. अट एकच, धडक बसायच्या आत तिथे पोचता आलं पाहिजे. शंका असेल तर जवळचाच काठ.

तिकडे जाता जाता बाकीचं उरका. जॅकेटची बक्कलं पुन्हा एकदा. सावलीसाठी लावलेलं कापड किंवा ताडपत्री लगेच उतरवा. वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं आणि होडी कलंडवतं. छत्र्या मिटा. सगळे फळीवरून उतरून तळाला, मध्याच्या ओळीत बसा, गुडघे दुमडून, एकमेकांना खेटून. लहान मुलं दोन मोठ्यांच्या मध्ये. बॅगा तळाशी बांधा. जड बूट असतील तर नाड्या सोडा. तळाला जे काही पाणी साचलंय ते आत्ताच उपसा, नंतर हात मोकळे नसतील. एकाने काठावरच्या माणसाला फोन करून सांगायचं: अमुक जागी आहोत, अमुक काठाला चाललोय, इतके जण आहोत. व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवा, आणि पाठवलं की फोन पिशवीत. शूटिंग नाही.

वारा होडीवर आल्यावर

समजा, काठ गाठता आला नाही.

धरणातली लाट समुद्राच्या लाटेपेक्षा बुटकी असते, पण आखूड आणि उभी. गुडघ्यापासून मांडीपर्यंतची लाट दर दोन-तीन सेकंदाला येते, एक उतरते न उतरते तोच दुसरी. फूट-दीड फूट काठाच्या होडीला तेवढी पुरते. होडी मरते ती बहुतेक वेळा आडवी सापडल्यावर. म्हणून होडीचं तोंड लाटेला द्यायचं, पण अगदी नाकासमोर नको. लाट थोडी तिरकी, तीस ते पंचेचाळीस अंशांत यावी. नाकासमोर घेतलं तर होडी लाटेवर चढून पुढच्या खळग्यात तोंड खुपसते.

इंजीन बंद करायचं नाही आणि पळवायचंही नाही. सुकाणू ऐकेल एवढाच वेग हवा. लाटेवर चढताना किंचित जोर, माथ्यावर आलं की लगेच कमी. घाई करणारा नावाडी लाटेवरून होडी आपटतो, आणि त्या आपटण्यात फळ्यांचे सांधे निघतात, तोल जातो, पाणी आत येतं.

लाटा मागून येत असतील तर जास्त धोका. काठाकडे जातोय म्हणून बरं वाटतं, पण मागची लाट होडीचं बूड, म्हणजे मागचं टोक, उचलते, तोंड खाली जातं आणि होडी गर्रकन आडवी फिरते. मागचा काठ इंजीनमुळे आधीच खाली असतो, तिथूनच पाणी चढतं. अशा वेळी वेग लाटेपेक्षा कमी ठेवा, वजन थोडं मागे-मध्ये, आणि मागून दोराला बांधलेली बादली ओढत न्या म्हणजे बूड भरकटत नाही. वळायचंच असेल तर थांबा. सलग मोठ्या लाटा गेल्यावर दोन-तीन लहान येतात, त्या फटीत एका दमात वळा.

आता प्रवाशांनी काय करायचं? काहीही नाही, आणि हेच सर्वांत अवघड आहे. उठायचं नाही. एका बाजूने पाणी आत आलं की सगळे दुसऱ्या बाजूला सरकतात, होडी तिकडे झुकते, आणि तिकडून जास्त पाणी येतं. आकडा सांगतो: पाच मीटर लांब आणि एक मीटर रुंद तळावर दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर ते ५०० लिटर होतं, म्हणजे अर्धा टन. सात-आठ माणसं जादा बसवल्यासारखं, आणि ही माणसं एका जागी बसत नाहीत, होडी झुकेल तिकडे धावतात. म्हणून ज्याच्या हातात कॅन आहे त्याने बसल्या बसल्या उपसत राहायचं. हात दुखला की कॅन पुढच्याला द्यायचा, जागा बदलायची नाही.

नावाड्याला सूचना देऊ नका. पाच जण पाच दिशा दाखवायला लागले की त्याचं लक्ष लाटेवरून उडतं. तोच घाबरून गोठला असेल, तर मात्र एकानेच, ठरवून, शांतपणे बोलावं: "मामा, तोंड लाटेला धरा."

इंजीन बंद पडलं, किंवा पंख्यात जाळं अडकलं (उजनीवर हे वरचेवर होतं), तर होडी पाच-दहा सेकंदांत आडवी होते. त्याआधी पुढच्या टोकाला दोर बांधून काहीतरी पाण्यात सोडा. नांगर असेल आणि पाणी उथळ असेल तर नांगर, दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी. पाणी खोल असेल तर बादली, तोंड उघडं ठेवलेलं पोतं, जाळ्याचा गठ्ठा, काहीही जे पाण्यात ओढ निर्माण करेल. बादलीची कडी झटक्यात निघते, म्हणून दोर बादलीच्या गळ्याभोवतीही फिरवून बांधा. होडी वाऱ्यासोबत सरकत राहील, पण तोंड लाटेकडे राहील. इंजीन बंद असताना हा दोर मधल्या किंवा मागच्या बाजूला कधीच बांधायचा नाही. पंखा सोडवायला वाकून जाणं वारा ओसरेपर्यंत राहू द्या.

वळवाची एक बाजू आपल्या बाजूची आहे: तो लांबत नाही. जोराचा वारा बहुधा वीस-तीस मिनिटांत सरतो. तेवढा वेळ होडी सुलटी ठेवायची, कुठे पोचायचं नाही, असा विचार केला की हातपाय जरा शांत होतात.

वीज

उघड्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्ही असता. गळ, ट्रायपॉड, बांबू, झेंड्याची काठी, सगळं आडवं करा. खाली बसा, होडीच्या ओल्या काठाला आणि इंजिनाच्या धातूला हात लावू नका, हात पाण्यात सोडू नका. इंजीन चालवणाऱ्याला ही सवलत नाही, पण त्याने निदान एकाच वेळी दुसरा धातू पकडू नये. लखलखाट आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजा, तीनने भागा, वीज तितक्या किलोमीटरवर पडली. आकडा दहाच्या आत असेल तर तुम्ही धोक्याच्या पट्ट्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यावर परत जायचं नाही, ऊन पडलं तरी.

काठाला लागल्यावर एकट्या बाभळीखाली उभे राहू नका. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली गाडी बरी. काहीच नसेल तर होडी आणि पाण्यापासून दूर, सखल जागी, उकिडवे, पाय जुळवून, एकमेकांत अंतर ठेवून बसा. होडीत खेटून बसायचं, जमिनीवर लांब बसायचं, हा फरक विसरू नका.

उलटलीच तर

पहिलं, डोकी मोजा. मोठ्याने, नावं घेऊन. उलट्या होडीखाली कुणी अडकलं असेल तर ते याच वेळी कळतं.

दुसरं, होडी सोडू नका. लाकडी किंवा फायबरची होडी उलटी होऊनही बराच वेळ तरंगते, तिच्या पाठीवर छाती टेकवून चढा किंवा दोन्ही बाजूंनी हात अडकवा. पत्र्याची बुडाली तर कॅन, फळी, वल्हं, उलटी धरून हवा अडकवलेली बादली, जे तरंगेल ते छातीखाली घ्या. शोधायला येणाऱ्यांना उलटी होडी दिसते. लाटांमधलं एक डोकं शंभर मीटरवरूनही दिसत नाही.

काठ जवळ वाटतो. पाण्याच्या पातळीवर डोळे असताना अंतर नेहमीच कमी भासतं. कळाशीच्या बाजूला जे पोहत लागले त्यांचं उदाहरण सगळे देतात, पण ते घडलं म्हणून तो मार्ग ठरत नाही. जॅकेट अंगात आहे, होडी हाताशी आहे, वारा अर्ध्या तासात पडणार आहे: थांबणं हाच शहाणपणा. अपवाद एकच, होडी तळाला गेली आहे, हाताला काही नाही आणि काठ खरोखर लागूनच आहे. तेव्हाही लाटेच्या विरुद्ध जाऊ नका. लाट नेईल तिकडे, पाठीवर पडून, पाय मारत सरका.

पाण्यात एकत्र राहा. तोंडं आत करून गोल करा, एकमेकांच्या जॅकेटमध्ये हात अडकवा, मुलं मध्ये. लाट येताना तोंड फिरवा, ती उतरली की श्वास घ्या. शिट्टी वाजवा, ओरडून दम घालवू नका. पायात जाळं अडकलं तर झटके मारू नका, त्याने आणखी गुंततं. पाठीवर या, पाय सैल सोडा, सुरीने कापा किंवा एकेक पाय सावकाश काढा. मेमध्ये पाणी कोमट असतं म्हणून गारठ्याची भीती कमी, पण पावसासोबतच्या वाऱ्यात ओली माणसं लवकर कुडकुडतात आणि हात घट्ट धरू शकत नाहीत. म्हणून हाताच्या पकडीवर विसंबू नका, दोराचा फास काखेतून घेऊन होडीला बांधा.

काठाला लागताना

उजनीचा काठ हा स्वतंत्र धोका आहे. पाण्याखाली वेड्या बाभळीची खोडं, जुन्या वस्त्यांचे दगड आणि सगळ्यांवर गाळ. पलसदेवचं जुनं मंदिर पाणी उतरलं की वर येतं, पण पाण्यातून कधीच वर न येणारं बरंच काही खाली आहे. होडी लागल्याबरोबर टुणकन उडी मारू नका. आधी बांबूने तळ चाचपा. पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर दुसरा पाय टाकून जोर करू नका. पुढे ओणवे व्हा, वजन छातीवर आणि वल्ह्यावर पसरा आणि सरपटत बाहेर या. अंगाला चिखल लागेल, लागू द्या. सुटून निघालेली होडी धरायला पाण्यात परत कुणी शिरायचं नाही.

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर धरणाचं नाव पुरत नाही. गाव, तालुका, कुठल्या बाजूचा काठ आणि किती जण बेपत्ता, एवढं सांगा. 'उजनीवर' म्हटलं तर दोन जिल्ह्यांतली माणसं एकमेकांना फोन करत बसतात.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका, चाकावर घालून फिरवू नका. गावोगाव हे अजून चालतं आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. उताणा झोपवा, मान हलकेच मागे, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी तीस दाब आणि पुन्हा दोन श्वास. बुडालेल्याला आधी हवा हवी असते, म्हणून श्वासापासून सुरुवात. १०८ येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्याने घ्या. श्वास घेत असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. आणि जो चालत-बोलत बाहेर आला, पण ज्याच्या नाकातोंडात पाणी गेलंय, त्याला खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा झोप अनावर होत असेल तर दवाखान्यात न्याच. त्रास काही तासांनीही वाढतो.

कोकणात असाल तर

समुद्राचं गणित वेगळं, पण चार ओळी लिहितो. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की होडी बाहेर काढायची नाही, पर्यटकांना घेऊन तर नाहीच. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तीच स्वतःलाही लावून घ्या. मोबाइलची रेंज काही किलोमीटरवरच संपते, म्हणून व्हीएचएफ रेडिओ संच आणि त्याचं चॅनल १६ हवं. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. खाडीच्या तोंडावर ओहोटीचं पाणी आणि समोरचा वारा भिडले की लाटा जागच्या जागी उभ्या राहून फुटतात; तिथे घुसण्यापेक्षा बाहेर खोल पाण्यात तोंड वाऱ्याला देऊन भरतीची वाट पाहणं परवडतं. हे कोळीवाड्यातला कुठलाही तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य नाखवा, माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

वारा पडला, सगळे काठावर आहेत, मोजून झालं. आता एक काम हमखास राहतं. निघताना ज्याला परतायची वेळ सांगितली होती त्याला फोन करा. आम्ही त्या दिवशी बेटावरून परतून टपरीवर दुसरा चहा घेत होतो, आणि मामांचा मुलगा आम्हाला शोधायला होडी काढून निघाला होता.